उभा खेळ

प्रविणने मोनूच्या मानेवर दोन बोटं टेकवली आणि मैदानाच्या कडेला शंकू मांडत असलेल्या तुलारामचा हात थांबला. तसं त्यात काहीच नव्हतं. प्रविण फुटबॉल टीमचा नवा कोच, सकाळची वेळ, चकरा मारून आलेली पोरं कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी, आणि कोच घड्याळाकडे बघत एकेकाची नाडी मोजत चाललेला. तेजरामची मोजली, घनश्यामची मोजली, मग तुलारामच्या पोराची, मोनूची. पण मोनूपाशी तो जरा जास्त वेळ थांबला. निदान तुलारामला तसं वाटलं. प्रविणने मान तिरकी करून काहीतरी ऐकल्यासारखं केलं, मग मोनूच्या पाठीवर थाप मारली आणि तो पुढच्याकडे गेला. काय लागलं असेल त्याच्या बोटांना? बोटांना ऐकू येतं का? तुलाराम लाल प्लॅस्टिकचा शंकू छातीशी धरून तसाच उभा राहिला, एखादी बाई मूल कडेवर घेऊन एसटीची वाट बघते तसा, आणि तेजराम ओरडला, "काकाजी, ठेवा ना तो खाली! का घरी नेता?" पोरं हसली. मोनूही हसला. तुलारामनेही हसून घेतलं, कारण दुसरं काय करणार?

गेल्या मंडईपर्यंत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेपर्यंत, ही पोरं त्याच्या शिट्टीवर चालत होती. चिखल्याच्या खाणीच्या वसाहतीत फुटबॉल जुना. बाप खाली गेलेला, पोरगं वर चेंडूमागे, असं दोन-तीन पिढ्या चालत आलेलं. तुलाराम खाणीत पाळण्याच्या यंत्रावर होता. माणसं भरलेला लोखंडी पाळणा दोराने खाली सोडायचा, पाळी संपली की वर ओढायचा, आणि हे सगळं माणसं न बघता, फक्त घंटीच्या ठोक्यांवर. ड्युटी सुटली की तो मैदानावर. त्याने या टीमला एक नाव मिळवून दिलं होतं. तुमसरपासून बालाघाटच्या हद्दीपर्यंत कुठेही विचारा, चिखल्याची टीम म्हणजे उभी टीम. पळत नाहीत, पळवतात. मधे एक पोरगा उभा, त्याच्या पायातून चेंडू सगळीकडे जातो, आणि समोरचे अकरा जण उन्हात कुत्र्यासारखे जीभ काढून फिरतात. लोक बघायला यायचे. मधला पोरगा म्हणजे मोनू. यंदा मात्र मंडईच्या स्पर्धेत बाहेरच्या एका टीमने ताज्या दमाची पोरं उतरवली आणि शेवटच्या भागात चिखल्याच्या पोरांना पार धुऊन काढलं. वसाहतीच्या क्रीडा मंडळाची बैठक झाली, चहा झाला, तुलारामचं तोंडभर कौतुक झालं, आणि नागपूरहून प्रविणला आणायचं ठरलं. लायसन असलेला कोच. तुलाराम त्याचा सहायक. कौतुक करून माणसाला उठवायचं आणि शेजारच्या खुर्चीवर बसवायचं, ही कला मंडळवाल्यांकडून शिकावी.

प्रविण वाईट नव्हता, आणि हेच जास्त अवघड होतं. पहिल्याच दिवशी त्याने तुलारामच्या पायाला हात लावला. मग तुलारामची पाटी बघायला मागितली. डाव आखायची ती लाकडी पाटी, तिच्यावर खेळाडू म्हणून सोड्याच्या बाटल्यांची बुचं, मधोमध एक पिवळं, मोनूचं. प्रविणने बराच वेळ ती बुचं बघितली आणि म्हणाला, "काकाजी, खरं सांगू? हे बहुत भारी आहे. पण हे पिवळं बूच हलतच नाही. का हलत नाही?" तुलाराम म्हणाला, "हलाची गरजच नाही पडत." प्रविण म्हणाला, "गरज पडली तर?" आणि पाटी भिंतीला टेकवून ठेवली. त्या दिवसापासून पाटीला कोणी हात लावला नाही. डावपेच नंतर, असं प्रविणचं म्हणणं. आधी फुप्फुस, आधी मांड्या, आधी पाठ. चढावर पळा, जिन्यावर पळा, एकमेकांना पाठंगुळीला घेऊन पळा. पोरं पहिला आठवडा शिव्या देत पळाली, दुसऱ्या आठवड्यात गप्प पळाली, आणि मग त्यांना ते आवडायला लागलं. मोनूला सगळ्यात जास्त. तुलाराम त्या वेळी शंकू मोजायचा, बाटल्या भरायचा, जाळीची गाठ सोडून पुन्हा बांधायचा. मोनू पळत असला की तो तिकडे बघायचाच नाही. न बघता माणसं खालीवर करायची त्याला सवय होती, पण इथे घंटी कोण देणार?

हे मधे उभं राहणं कुठून आलं, असं लोक विचारायचे तेव्हा तो खळ्याची गोष्ट सांगायचा. त्याचं घर मूळचं धानकऱ्यांचं, तलावाखाली अजून भावाची बांधी, धानाचं शेत, आहे. लहानपणी मळणीला बैल लागत. खळ्याच्या मधोमध लाकडाची मेढ पुरलेली, तिला बैलांची रांग बांधलेली, आणि रांग गोल गोल फिरायची. कडेचा बैल पळून पळून फेसाळून जायचा, आणि मेढीजवळचा नुसता जागच्या जागी वळायचा. "सारी रांग त्याच्यावर फिरते," तुलाराम सांगायचा, "अन् त्याले घाम नाही येत." लोक माना डोलवायचे. एका पेपरवाल्याने तर ते छापलं होतं. पण मेढीजवळ कोणता बैल बांधतात, हे तो कधी सांगत नसे आणि पेपरवाल्यानेही विचारलं नाही. तिथे म्हातारा बांधतात. किंवा ज्याच्यात काही खोट आहे असा.

मोनू नऊ वर्षांचा होता. शाळेच्या मैदानावर पळण्याची शर्यत, आणि तो सगळ्यांच्या पुढे. तुलाराम कुंपणाला टेकून ओरडत होता. दोरी आली, पोरगं दोरीला लागलं आणि पुढे तसंच पडलं, हात न टेकता. ऊन होतं, सकाळपासून खाल्लं नव्हतं, सगळं खरं. पाणी मारल्यावर उठलाही. पण ओठ जांभळे दिसले होते, निदान तुलारामला दिसले होते, आणि तो त्याला घेऊन नागपूरला गेला. मोठा दवाखाना, मोठी रांग, आणि आत एक हसरा डॉक्टर. डॉक्टरने नळी छातीवर ठेवली, सरकवली, पुन्हा ठेवली. म्हणाला, एक आवाज येतोय. बऱ्याच मुलांत असतो, वाढता वाढता जातो. कधी कधी नाही जात. छातीचा फोटो काढायचं एक मशीन असतं, त्यावर कळेल, दिवाळीनंतर या. आणि मग त्या भल्या माणसाला काय वाटलं कोण जाणे, तुलारामचा चेहरा बघून त्याने नळीची टोकं काढली आणि तुलारामच्या कानात घातली. ऐका, घाबरण्यासारखं काही नाही. तुलारामने ऐकलं. ठोका, आणि ठोक्याच्या मागून एक फुसकारा. ठोका, फुसकारा. गवतातून काहीतरी सरकत जावं तसं. मोनू त्याच्याकडे बघून दात काढत होता, कारण थंडगार नळीने त्याला गुदगुल्या होत होत्या.

दिवाळी झाली. मशीनवर न्यायचं राहिलं. राहिलं म्हणजे तुलारामने राहू दिलं. त्याचा हिशेब सरळ होता, आणि जगातले सगळे चुकीचे हिशेब असेच सरळ असतात. आत्ता आवाज आहे, आणि आवाज जातोही असं डॉक्टरच म्हणाला. मशीनवर घातलं आणि मशीनने वाईट सांगितलं, तर ते पुन्हा न ऐकल्यासारखं करता येणार नाही. मग ते शाळेच्या कागदावर येईल, वसाहतीच्या तोंडी येईल, पुढे खाणीच्या भरतीत डॉक्टर छाती तपासतो तिथे येईल, मुलगी देणाऱ्याच्या कानावर जाईल. त्यापेक्षा पोरगं पळायचंच नाही, म्हणजे झालं. पण पोराला फुटबॉलचं वेड. मैदानावर येऊ नको म्हटलं असतं तर खिडकीतून उडी मारून आलं असतं. म्हणून तुलारामने पोराला बदललं नाही, खेळ बदलला. "पळणारे गधे असते," तो मोनूला सांगायचा, "तू डोस्क्यानं खेळ. चेंडू पळव, आपुन नोको पळू." पोरगं हुशार. वर्षभरात शिकलं. मग त्याच्याभोवती दुसरी पोरं बसवली, मग त्यांच्यासाठी रस्ते आखले, मग पाटी आली, बुचं आली, आणि एक दिवस तुलारामच्या लक्षात आलं की लोक याला कला म्हणून राहिले आहेत. शाल मिळाली, नारळ मिळाला. भीतीने बांधलेल्या भिंतीला लोकांनी देऊळ समजून नमस्कार केला, तर भिंत बांधणाऱ्याने काय करावं? त्यानेही हळूहळू नमस्कार करायला सुरुवात केली.

त्या सकाळी मैदानावरून तो घरी आला तेव्हा सुलोचनाबाई भाताचं गंज उतरवत होती. प्रविणने भात कमी करायचा हुकूम काढला होता आणि तो वसाहतीतल्या घराघरांत पोचला होता. "भंडारा जिल्ह्यात येते अन् भात नोको म्हणते," ती म्हणाली, "मंग काय बांधीतले ढेकळं खावाव का माणसानं?" पण मोनूच्या ताटात तिने भात खरंच कमी घातला होता, आणि वर अंडी ठेवली होती. तुलाराम बघत राहिला. मोनू जेवून, अंघोळ करून, शीळ घालत निघून गेला. त्याच्या मांड्या भरल्या होत्या. मान जाड झाली होती. बापाला आनंद व्हावा अशा सगळ्या गोष्टी पोराच्या अंगावर दिसत होत्या, आणि बापाच्या कानात फुसकारा.

"सुले," तो म्हणाला, "रविवारी चाचणी घेते म्हणे तो. पडेपर्यंत पळवणार आहे साऱ्याईले."

"घेऊ द्या."

"घेऊ द्या म्हणजे? मोनू बी पळन."

"पळू द्या ना त्याले," सुलोचनाबाई म्हणाली. एवढंच म्हणाली आणि चुलीकडे वळली, म्हणजे गॅसकडे, पण ती वळली तशीच जशी तिची आई चुलीकडे वळायची, बोलणं संपलं हे सांगायला. तुलारामला वाटलं, हिला आठवत नाही. नऊ वर्षांचा होता तेव्हा रात्र रात्र त्याच्या छातीवर हात ठेवून झोपणारी हीच ना? विसरली? आई विसरू शकते का? मग त्याला वाटलं, विसरली असेल तर बरंच आहे, निदान एक माणूस तरी घरात सुखाने जेवतंय. आणि लगेच तिचा रागही आला. एवढं मोठं ओझं, आणि हिने आपलं टोक कधीच खाली ठेवून दिलं.

त्या आठवड्यात यंत्रघरात त्याचं लक्ष लागेना. घंटी वाजायची, तो दांडा ओढायचा, मोठं चाक फिरायचं, दोर काळा, ताणलेला, अंधारात उतरत जायचा. त्या दोराच्या टोकाला माणसं आहेत हे इतक्या वर्षांत त्याला सवयीचं झालं होतं. आता एकेक ठोका तो मनात पुन्हा मोजून बघायचा. चाकातून आवाज यायचा, आणि आवाजाच्या मागून दुसरा आवाज. त्याने मिस्त्रीला बोलावून दाखवलं. मिस्त्रीने कान लावला, तेल सोडलं, म्हणाला, "काही नाही भाऊ, हवा आहे." पुढच्या पाळीवरचा नत्थू, त्याचा जुना दोस्त, डबा उघडून बसला होता. नत्थू म्हणाला, "तुले त्या पोट्ट्या कोचचा लै राग येऊन राहिला न बे? सारे म्हणून राहिले. तुलारामचं तोंड पाह म्हणे, एरंडेल पेल्यावानी." तुलाराम म्हणाला, "मले कायचा राग?" नत्थू हसला. "मले नोको शिकवू. खुर्ची गेली का कोणाले बी येते." आणि त्याने भाजीतली वांग्याची फोड तुलारामच्या डब्यात टाकली, मैत्रीने.

तेव्हा तुलारामला कळलं की तो कसा अडकला आहे. आत्तापर्यंत त्याला वाटत होतं, वेळ आली की बोलता येईल. पण आता तो काहीही बोलला तरी ते एकच ऐकू येणार होतं. पोरांना एवढं पळवू नका, म्हटलं की खुर्ची गेली म्हणून जळतो. चाचणी पुढे ढकला, म्हटलं की जळतो. मोनूला वगळा, म्हटलं की जळतो आणि वर पोराची बाजू घेतो. आणि खरं सांगितलं तर? माझ्या पोराच्या काळजात आवाज आहे, अकरा वर्षांपासून, मला माहीत होतं आणि मी तपासलं नाही. तर पहिली गोष्ट, प्रविण मोनूला त्या क्षणी मैदानाबाहेर काढील. लायसनवाला माणूस, त्याला तसं करावंच लागेल. दुसरी गोष्ट, मोनूला कळेल की तो डोक्याने खेळणारा वगैरे कोणी नव्हता. तो मेढीजवळ बांधलेला होता. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं म्हणतात, ते तुलारामला लहानपणापासून माहीत होतं, पण ते दातांसकट आत्ता लागलं.

तरी तो गेला. शनिवारी संध्याकाळी, प्रविणच्या खोलीवर. प्रविण दारात बादली घेऊन टीमची जाकिटं धूत बसला होता, स्वतःच्या हाताने, कोपरापर्यंत फेस. "या ना काकाजी, बसा," म्हणत त्याने पाट पुढे सरकवला. तुलाराम बसला. वाटेत त्याने वाक्य तयार केलं होतं: एक गोष्ट सांगाची होती, मोनूच्या लहानपणची. पण तोंडातून दुसरंच बाहेर पडलं. "पोरं खाणीत राबून येते, बापा. अंग मोडते. इतलं पळवणं बरं नाही. डोस्कं बी पायजे ना खेळाले."

प्रविणने हात पुसले. "डोकं पाहिजेच. मी कुठे नाही म्हणून राहिलो? पण काकाजी, दमलेल्या माणसाचं डोकं चालत नाही. तुम्ही दिलेला पास दिसतो त्याला, पण पाय पोचत नाही. तुमच्या पोरांना सगळं दिसत होतं मंडईच्या मॅचमधे, मी व्हिडिओ पाहिला. नुसतं दिसून काय करता?" मग तो थांबला आणि आवाज खाली करून म्हणाला, "मला समजते तुम्हाला कसं वाटत असेल. माझ्या बाबांची बदली झाली होती तेव्हा तेही असेच झाले होते. शिट्टी उद्या तुमच्याच हातात राहील. मी नुसता घड्याळ पाहीन." त्याच्या डोळ्यांत खरीच माया होती. मायेने मारलेली थप्पड परतही करता येत नाही. तुलाराम म्हणाला, "बरं," आणि उठला. दारात पुन्हा वळला. प्रविणने मान वर केली. "काही होतं का?" तुलाराम म्हणाला, "नाही. जाकिटं उन्हात नोको टाकू, रंग जाते."

रविवारी सगळी वसाहत कडेला जमली होती. चाचणी साधी होती. दोन रांगांत शंकू, पोरांनी इकडून तिकडे पळायचं, शिट्टीला वळायचं, आणि दर खेपेला शिट्टी थोडी लवकर. प्रविण घड्याळ बघून हात खाली करणार, तुलारामने फुंकायचं. ज्याला शिट्टीआधी रेघ गाठता आली नाही तो बाद. सोपं आहे, एखाद्याला संपवण्याच्या सगळ्या रीती सोप्याच असतात. तुलाराम फुंकू लागला. पोरं हसत, एकमेकांना चिडवत पळत होती. मग हसणं बंद झालं. मग नुसते बूट आणि श्वास. एक जण गेला, दोघं गेले, तेजराम तोंडावर पडला आणि "मेलो बे" म्हणून तसाच पालथा राहिला, लोक हसले. तुलारामची नजर पायांवर होती, कोणाचेही पाय, फक्त मोनूचे निळे बूट नकोत. पण बाकीचे पाय कमी कमी होत गेले. शेवटी दोनच जोड्या उरल्या. घनश्याम आणि मोनू.

प्रविणचा हात खाली आला, तुलारामने फुंकली. पुन्हा आला, फुंकली. लोक आता मोनूचं नाव घेऊन ओरडत होते. उभ्या टीमचा उभा पोरगा पळतोय, आणि पडत नाही! मोनू त्याच्या बाजूच्या रेघेवर वळला तेव्हा तुलारामला त्याचं तोंड दिसलं, उघडं, आणि ओठ. ओठांचा रंग कसला होता? सकाळचं ऊन तिरपं होतं, सावली होती, त्याला नीट कळलं नाही. आपण फुंकतो म्हणून तो पळतो आहे, हे मात्र स्वच्छ कळलं. प्रविणचा हात अजून वरच होता. तुलारामने शिट्टी दातांत धरली आणि लांब फुंकली, वळायची नव्हे, खेळ संपल्याची, पाळी सुटल्यावर भोंगा वाजतो तशी, श्वास संपेपर्यंत.

घनश्याम मटकन खाली बसला. प्रविण म्हणाला, "काकाजी? काय झालं?" आणि कडेने कोणीतरी, नत्थूच असेल, हळूच पण ऐकू येईल असं म्हणालं, "पाह, केलंच शेवटी." मोनू रेघेवर उभा होता. धापा टाकत त्याने बापाकडे बघितलं, मग प्रविणला हात करून म्हणाला, "सर, एक मिनिट." आणि तुलारामच्या खांद्याला धरून त्याला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेला. तिथे ओल होती, शेवाळ होतं. मोनूने डोक्यावर पाणी घेतलं, श्वास खाली बसू दिला.

"बाबा, माह्या छातीत काही नाही."

तुलारामला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"आईनं सांगतलं होतं मले त्या आवाजाचं. मामासंग गेलो नागपूरले. मशीनवर फोटो काढला. डॉक्टर म्हणे, लहानपणी आवाज असंल, आता काहीच नाही. पाहिजे तितला पळ म्हणे."

"कधी?"

"बारावीच्या सुट्ट्याईत."

तुलारामने टाकीचा लोखंडी पाय धरला. आनंद झाला होता, खराखुरा आनंद, अंगभर, पोरगं वाचलं, पोराला काही नव्हतं. त्याला त्या चिखलात बसून रडावंसं वाटलं. मग, आनंद अजून चालूच असताना, बारावीची सुट्टी कधी होती ते त्याला आठवलं. त्यानंतर दोन मंडया होऊन गेल्या होत्या.

"मंग सांगतलं काहून नाही?"

मोनू शेवाळ बुटाने खरवडत राहिला. "सांगणारच होतो. आलो, तं त्याच हप्त्यात तुमचा सत्कार होता. शाल घालून देऊन राहिले होते तुमाले. मी म्हटलं, होऊ दे हे. मंग आज सांगतो, उद्या सांगतो... मी पळाले लागलो असतो तं तुमच्यावाला खेळच मोडला असता, बाबा. सारे डोकेवाला म्हणत तुमाले. मी म्हटलं, ऱ्हातो ना उभा. मले काय होते उभं ऱ्हाले?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तुलारामला उत्तर देता आलं असतं. "मंग हे सर आले. मी आईले म्हटलं, आता पळतो. आता खेळ मोडल्याचा बोल बाबाईवर नाही येणार, सराईवर येईन. आई म्हणे, पळ."

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे तो पाटीवर पिवळं बूच मधोमध ठेवायचा तेव्हा समोर बसलेलं पोरगं गुडघ्यावर हनुवटी टेकून बापाची समजूत काढत असायचं. इतकी वर्षं तुलारामने पोराला सांभाळलं, आणि त्यातली शेवटची दोन वर्षं पोराने त्याला. नेमकी ती दोन वर्षं, पोराच्या पायांची सगळ्यात चांगली. ती आता कोणाकडे मागायची? तुलाराम काही बोलायला गेला. माफ कर, असं त्याला म्हणायचं होतं. बाप पोराला तसं म्हणत नाही, म्हणून त्याने मोनूच्या ओल्या केसांवरून हात फिरवला, आणि मोनूनेही तो फिरवू दिला, जसं गेली दोन वर्षं सगळंच करू दिलं होतं.

"शिट्टी द्या आता," मोनू म्हणाला. "सर थांबले आहेत. मी अन् घनश्याम पहिल्यापासून पळतो."

घनश्यामने चार शिव्या घातल्या, पण उठला. दोघं रेघेवर वाकले. लोक तुलारामकडे बघत होते, जळका म्हातारा म्हणून, आणि ते आता कायमचंच होतं, कारण खरं काय ते तो कोणालाच सांगू शकणार नव्हता. प्रविणने काही न विचारता हात वर केला, खाली आणला. तुलारामने फुंकलं, आणि या खेपेला त्याने तोंड फिरवलं नाही. अकरा वर्षांत त्याने पहिल्यांदाच मोनूला पळताना नीट बघितलं. कोपरं बाहेर फेकलेली, मान मागे, टाच आधी आपटणारी, एक खांदा वर उचललेला. दम भरपूर होता, पण चाल नव्हती. वाढलेल्या, भरल्या अंगाचा तो पोरगा शाळेच्या मैदानावर पळतात तसा पळत होता, नऊ वर्षांच्या पोरासारखा, कारण त्यानंतर त्याला पळायला कोणी शिकवलंच नव्हतं. घनश्याम त्याच्या पुढे निघून गेला. प्रविणचा हात पुन्हा वर गेला आणि तुलारामने पुढच्या शिट्टीसाठी श्वास घेतला.